गोव्यासाठी नाटो का धावून आली नाही? लष्करी युत्यांवर संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी

सत्तासंतुलन, सामूहिक सुरक्षा, वास्तववाद हे सगळं एम.ए.ला झालेलं आहे असं धरून चालतो. त्याची उजळणी इथे नाही. या विषयात नव्याने येणारे बहुतेक जण ज्या एका खड्ड्यात हमखास पडतात, त्याच्याबद्दलच मुख्यतः लिहायचं आहे. तो खड्डा म्हणजे युतीची ताकद घोषणेवरून मोजणं. दोन नेते हात मिळवतात, संयुक्त निवेदन निघतं, वर्तमानपत्रं 'आशियाई नाटो' किंवा 'मुस्लिम नाटो' असं छापून मोकळी होतात. काही महिन्यांनी तोच मथळा कुणाच्या तरी प्रबंधात तळटीप लावून बसलेला सापडतो.

गोव्याचं उदाहरण बघा, कारण ते आपल्या दारातलं आहे आणि पुराव्यासकट तपासता येतं. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य. १९५१ मध्ये सालाझार सरकारने घटना बदलून वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' ठरवलं. म्हणजे कागदोपत्री पणजी आणि लिस्बन सारखेच. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांच्या संयुक्त निवेदनात 'अतिपूर्वेतील पोर्तुगीज प्रांत' असा उल्लेख आला आणि भारतात संतापाची लाट उसळली. एवढ्या कागदांवरून कुणीही म्हणेल की गोव्यावर हल्ला म्हणजे नाटोवर हल्ला. प्रत्यक्षात १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल शरण आले आणि नाटो जागची हलली नाही.

याचं पहिलं उत्तर करारातच आहे. कलम ५, म्हणजे एका सदस्यावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला, हे सगळ्यांना पाठ असतं, कलम ६ उघडायची तसदी फार थोडे घेतात. कलम ५ कुठे लागू होतं ते कलम ६ सांगतं: सदस्यांचा युरोप आणि उत्तर अमेरिकेतला प्रदेश, फ्रान्सच्या ताब्यातला अल्जेरिया, नंतर जोडलेला तुर्कस्तान आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेला उत्तर अटलांटिकमधली बेटं. फ्रान्सने अल्जेरियाचं नाव घालून घेतलं. गोवा, अंगोला, मोझांबिक यांतलं एकही नाव तिथे नाही. लिस्बनने स्वतःच्या घटनेत काहीही लिहिलं तरी कराराचा नकाशा त्याने बदलत नाही.

पण इथेच थांबलात तर दुसऱ्या बाजूला कोसळाल. कलम ४ मधल्या सल्लामसलतीला अशी भौगोलिक चौकट नाही, त्यामुळे 'नाटोचा काही संबंधच नव्हता' हेही चूक. शिवाय अमेरिका गप्प बसली नाही. सुरक्षा परिषदेत शस्त्रसंधी आणि सैन्यमाघारीचा ठराव आला, त्याच्या बाजूने अमेरिका, ब्रिटन, फ्रान्ससह ७ मतं पडली, विरोधात ४, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. चौदाव्या शतकापासूनचा मित्र असलेल्या ब्रिटननेही पोर्तुगालला लष्करी मदत दिली नाही. म्हणजे कलम, मतदान आणि प्रत्यक्ष फौजा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या रकान्यांत ठेवा. एकाच रकान्यात कोंबल्या की निष्कर्ष हमखास बिघडतो.

म्हणून कुठलाही करार हातात आला की चार गोष्टी त्यातून शब्दशः उतरवून घ्या. कोणत्या प्रकारच्या हल्ल्याने जबाबदारी सुरू होते? कोणत्या भूभागावर? जबाबदारी नेमकी कशाची: सल्लामसलतीची, मदतीची की लढण्याची? आणि निर्णय कोणत्या प्रक्रियेने होणार? नाटोचं कलम ५ सुद्धा प्रत्येक सदस्याला 'आवश्यक वाटेल ती कृती' एवढंच बांधून घेतं. १९७१ च्या भारत-सोव्हिएत कराराचं कलम ९ हल्ला किंवा हल्ल्याचा धोका आल्यास तातडीने सल्लामसलत आणि योग्य उपाय एवढंच बोलतं. त्यात 'तुमच्यासाठी लढू' असं वाक्य नाही. डिसेंबर १९७१ मध्ये सोव्हिएत मदत सुरक्षा परिषदेतल्या नकाराधिकारातून दिसली, ती कलमात शोधून सापडत नाही.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते: करारासोबतची पत्रं, राखीव अटी, स्पष्टीकरणं. १९५४ च्या सिएटो, म्हणजे आग्नेय आशियासाठीच्या सामूहिक संरक्षण करारात अमेरिकेने स्वतःपुरतं स्पष्टीकरण जोडलं की लष्करी जबाबदारी फक्त कम्युनिस्ट आक्रमणापुरती. पाकिस्तान त्या करारात होता. भारताशी लढताना त्याचा काय उपयोग होणार, हे त्या एका परिच्छेदात आधीच लिहून ठेवलेलं होतं. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा रोखला. परिशिष्ट न वाचणाऱ्याला हा विश्वासघात वाटतो.

आता हीच फूटपट्टी ताज्या विषयांना लावा. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांनी संरक्षण करार केला. एकावरचं आक्रमण दोघांवरचं मानू, हे वाक्य संयुक्त निवेदनातून आलं, तेव्हा पूर्ण मसुदा जाहीर झाला नव्हता. मग वरच्या चार प्रश्नांच्या रकान्यांपैकी तीन रिकामे सोडायचे आणि तसं लिहायचं. रिकामा रकाना हाही निष्कर्ष असतो, त्याची लाज वाटायचं कारण नाही. क्वाडचं (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांचा गट) तर आणखी सोपं: करार नाही, सचिवालय नाही. मलबार हा नौदल सराव १९९२ पासूनचा, भारत-अमेरिकेने सुरू केलेला. आज त्यात क्वाडचेच चार देश असले तरी तो क्वाडचा सराव नाही. हे दोन एक करून टाकणारे लेख रोज छापून येतात, तुम्ही त्यात भर घालू नका.

साधनांबद्दल थोडक्यात. भारताचे करार परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, संसदेतली प्रश्नोत्तरं फुकट आहेत आणि आश्चर्य वाटावं इतकी दुर्लक्षित आहेत. गोवा प्रकरणासाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रकाशित कागदपत्रांचा १९६१–६३ चा खंड १९ उघडा, तो ऑनलाइन आहे. दिल्लीत जनपथवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जायच्या आधी 'अभिलेख पटल' या अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीवर फाइल क्रमांक काढून ठेवा, ओळखपत्र आणि विभागाचं पत्र बरोबर घ्या. मागणीच्या चिठ्ठ्यांवर 'एनटी' असा शेरा परत येईल, म्हणजे फाइल अभिलेखागाराकडे हस्तांतरितच झालेली नाही. अशा चिठ्ठ्या ढिगाने येतात, तुमचं काही चुकलेलं नसतं. माहिती अधिकारावर फार भिस्त ठेवू नका. २० वर्षांनंतर बहुतेक अपवाद गळून पडतात, पण परराष्ट्र संबंध आणि सुरक्षेचा अपवाद तसाच राहतो. शस्त्रव्यवहारांसाठी सिप्री या स्टॉकहोममधल्या संशोधन संस्थेचे आकडे वापराल, तेव्हा त्यांचा 'टीआयव्ही' (ट्रेंड इंडिकेटर व्हॅल्यू) म्हणजे डॉलर नव्हेत हे लक्षात ठेवा. तो शस्त्राच्या क्षमतेचा निर्देशांक आहे, दिलेली किंमत नाही. कोटींत रूपांतर करून तक्ता बनवलात तर तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला गाडी अडेल.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीचा धसका असतो. करारांची भाषा रुक्ष असते आणि तेच ते शब्द फिरून येतात. दहा करार नीट वाचले की पुढचे सवयीने कळतात. अवघड जातं ते तिसऱ्या भाषेचं, म्हणजे चिनी, रशियन, फारसी, किंवा गोव्यावर काम करायचं तर पोर्तुगीज. ती पहिल्याच वर्षी सुरू करा, प्रबंध लिहायला बसल्यावर कुणाला वेळ नसतो.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत कडवट आहे. 'इंडो-पॅसिफिक घ्या, चालतंय सध्या' असं सांगणारे मार्गदर्शक विषय देत नाहीत, मथळा देतात. पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिक शास्त्र विभाग असो की दिल्लीतलं जेएनयू, प्रवेशाआधी त्या मार्गदर्शकाच्या हाताखाली पूर्ण झालेले दोन प्रबंध ग्रंथालयात बसून चाळा आणि तळटिपा बघा. एकाच संस्थेचे अहवाल एकमेकांना दाखले देत फिरत असतील तर दुसरं नाव शोधा. तळटिपांत कलमं, फाइल क्रमांक, मतदानाच्या नोंदी असतील, तर माणूस बोलायला तुसडा असला तरी चालेल.