बादलीतलं सॅलड: इंदुरात घरच्या घरी पाण्यावरची शेती

आमच्या बाल्कनीतला काळा क्रेट बुडबुडताना पाहून शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "अगं, मासे कुठेत यात?" प्रश्न चुकीचा नव्हता. डीप वॉटर कल्चर, म्हणजे मातीऐवजी खताच्या पाण्यात मुळं सोडून रोपं वाढवायची पद्धत, ही निम्मी मत्स्यटाकीच. फरक एवढाच की माशांच्या जागी मुळं लोंबतात आणि माशांसारखीच त्यांनाही पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. नवखा माणूस खताच्या बाटल्यांत गुंततो, पण रोपं दगावतात ती बहुतेक वेळा हवेअभावी.

म्हणून मुहूर्तापासून सुरुवात करू. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. पाणी २५ च्या वर गेलं की मुळं कुजवणारा पिथियम नावाचा बुरशीसारखा जंतू बळावतो. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बाल्कनीतल्या टाकीचं काय होत असेल ते सांगायला नको. ऑक्टोबरात सुरू करा, मार्चपर्यंत खा. माळव्यातल्या थंड रात्री फुकटचा चिलर आहेत.

सामान

साधारण ६० बाय ४० सेंटीमीटरचा, २५ सेंटीमीटर खोल, अपारदर्शक प्लास्टिकचा क्रेट घ्या. त्यात २० सेंटीमीटर पाणी भरलं तर ४८ लिटर होतं. रंगाची जुनी बादली कितीही घासली तरी नको, खायची पानं उगवायची आहेत. झाकणावर २० सेंटीमीटर अंतराने दोन इंची सहा भोकं पाडा. होल सॉ (गोल भोकं पाडायची करवत) नसेल तर पाचेक मिनिटांसाठी सुताराला विनंती करा. मी गरम सुरीने पाडली होती, ती आजही बटाट्यासारखी दिसतात. क्रेटला बाहेरून पांढरा कागद किंवा कापड गुंडाळा. प्रकाश आत शिरला की शेवाळ धरतं, आणि काळा रंग ऊन पितो.

जाळीचे कप, मातीच्या भाजलेल्या गोळ्या, बी रुजवायला स्पंजचे तुकडे, टीडीएस-ईसी पेन (पाण्यात खत-क्षार किती विरघळलेत ते दाखवणारं; ईसी म्हणजे पाण्याची वीजवाहकता) आणि पीएच, म्हणजे पाण्याचा आंबटपणा, मोजायचं साधन लागेल. हार्डवेअरचं सामान सियागंजात मिळून जातं. एअर पंप, नळी आणि बबल स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) मत्स्यटाकीच्या दुकानात घ्या. दोन तोंडांचा ५ वॅटचा पंप पुरतो. चोवीस तास चालला तरी महिन्याला ३.६ युनिट, तेव्हा वीज वाचवायला तो रात्री बंद करू नका.

आता पंप कुठे ठेवायचा ते नीट ऐका, कारण इथे मी आपटले. पंप क्रेटशेजारी जमिनीवर ठेवला होता. रात्री वीज गेली, हवेचा दाब थांबला आणि टाकीतलं पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरलं. सकाळी वीज होती, पंप मुका, फरशीवर खताचं पाणी. म्हणून पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगायचा आणि नळीत एकदिशा झडप बसवायची. झडप काही रुपयांत मिळते. दोन्ही करा, एकावर विसंबू नका.

पाणी आणि खत

नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढत शहरात येतं. त्यात क्लोरीन असतो, म्हणून उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग वापरा. बोअरचं पाणी जड. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे पीएच आज खाली आणला तरी परवा पुन्हा चढतो. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी तर टाकीला दाखवूही नका, क्षार त्यातच साचलेले असतात.

हायड्रोपोनिक खत 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांत येतं. ए मध्ये कॅल्शियम नायट्रेट, बी मध्ये फॉस्फेट आणि सल्फेट. घट्ट द्रावणं एकत्र आली की कॅल्शियम पांढरा गाळ होऊन तळाला बसतं आणि रोपाच्या हाती काही लागत नाही. म्हणून आधी टाकीभर पाणी, त्यात ए, चांगलं ढवळून मग बी. बागेतलं १९:१९:१९ घालून भागवू नका, त्यातला बराच नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो आणि मातीतल्या जिवाणूंशिवाय तो मुळांना नीट वापरता येत नाही.

रोपं लहान असताना ईसी ०.६ ते ०.८ (पेनवर mS/cm मध्ये), पुढे १.२ पर्यंत. टीडीएसच्या आकड्यावर जाऊ नका. कुठलं पेन ईसीला ५०० ने गुणतं, कुठलं ७०० ने, आणि मग मैत्रिणीचा आकडा आणि आपला आकडा जुळत नाही म्हणून भांडण होतं. पीएच ५.५ ते ६.५ मध्ये ठेवा. लिंबू पिळून पाहिलं, दोन दिवसांत जिवाणूंनी ते आम्ल खाल्लं आणि पीएच होता तिथे गेला. पातळ केलेलं फॉस्फोरिक आम्ल टिकतं. हातमोजे घाला, आणि नेहमी पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी नाही.

लागवड

लेट्यूस, पालक, तुळशीची विलायती बहीण बेसिल आणि पुदिना यात छान येतात. मेथी-कोथिंबिरीसाठी हा खटाटोप कशाला, मंडईत जुड्या मिळतातच. लेट्यूसचं बी ओल्या स्पंजवर वरवर ठेवा, गाडू नका, त्याला रुजायला उजेड आवडतो. उकाड्यात मात्र ते हट्टाने झोपून राहतं. तीन-चार खरी पानं आली की रोप स्पंजसकट कपात घाला, भोवती धुतलेल्या गोळ्या भरा.

पहिल्या आठवड्यात पाणी कपाच्या बुडाला टेकू द्या. मुळं खाली उतरली की पातळी इंचभर खाली आणा आणि तिथेच ठेवा. मधल्या पोकळीत फुटलेली बारीक पांढरी मुळं थेट हवा घेतात. वीज दोन तास गेली तर रोपाला तीच तारतात.

टाकी सकाळी चार-पाच तास ऊन मिळेल अशा जागी ठेवा. दुपारचं ऊन झाकायला जुनी साडी पुरते.

निगा

रोज सकाळी चहा उकळेपर्यंतचं काम. बुडबुडे चालू आहेत ना, पातळी किती, ईसी किती. ईसी चढला असेल तर रोपांनी पाणी जास्त प्यायलंय, साधं पाणी घाला. उतरला तर अर्ध्या ताकदीचं खत. पंधरा दिवसांनी सगळं पाणी बदला, जुनं कुंड्यांना घाला, गुलाब खूश होतो.

आठवड्यातून एकदा झाकण उचलून मुळं पाहा, वासही घ्या. निरोगी मूळ पांढरं आणि मातीसारखा मंद वास देणारं. तपकिरी, बुळबुळीत, सडका वास आला तर रोप काढून टाका, टाकी ब्लीचच्या पातळ पाण्याने धुऊन नीट विसळा आणि नव्याने भरा. एक रोप वाचवायच्या नादात पाच जातात. नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर आधी पीएच मोजा, तो चढल्याने लोह मिळेनासं झालेलं असतं. आतल्या कोवळ्या पानांची टोकं करपली तर कॅल्शियम पानाच्या टोकापर्यंत पोहोचत नाहीये. अशा वेळी खत वाढवू नका, बाल्कनीत वारा खेळू द्या.

मावा आला तर कडुनिंबाचं तेल फवारा, पण झाकणावर प्लास्टिक पसरून, थेंब टाकीत पडता कामा नयेत. रिकामी भोकं बंद ठेवा, नाहीतर डास अंडी घालतील आणि पालिकेचे लोक दारात उभे राहतील.

लावणीनंतर महिन्याभराने बाहेरची पानं कापायला घ्या, मधला गाभा ठेवा. मार्चअखेर पानं कडू व्हायला लागली, दांडा वर निघाला, की समजा हंगाम संपला. फेब्रुवारीतही दुपारी पाणी तापत असेल तर गोठवलेली बाटली सोडा, बर्फ थेट टाकू नका, द्रावण पातळ होतं.

शेवटी पंप, दगड, नळ्या धुऊन वाळवा आणि झाकण माळ्यावर जपून ठेवा. गेल्या उन्हाळ्यात आमचं झाकण भंगारात गेलं, आणि ऑक्टोबरात मला पुन्हा सहा बटाटे पाडावे लागले.