तलफ आली की पहिली वीस मिनिटं कशी काढायची (माजी सैनिकांसाठी)

सातारा-सांगलीकडं घराघरात फौजी आहेत, आणि रिटायर झाल्यावर कँटीनच्या रममध्ये अडकलेलेही आहेत. दारू सोडलेल्या अशा भावांना सांगायचंय की तलफ लाटेसारखी येते, चढते आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत उतरते, तेवढा वेळ फक्त काढायचा.

फायरिंगला श्वासावर ताबा ठेवून ट्रिगर दाबायला शिकलात ना, तोच ताबा इथं कामाला येतो. चार आकडे मोजत नाकानं आत घ्या, सहा-आठ मोजत तोंडानं हळूहळू सोडा, असं पाच मिनिटं करा. सोडायचा श्वास लांबला की धडधड कमी होते, शरीराला कळतं की आता धोका नाही.

रात्री वाईट स्वप्नानं दचकून उठलात तर लाईट लावा, अनवाणी पाय फरशीवर टेकवा आणि दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या, मग चार गोष्टींना हात लावा, तीन आवाज ऐका. साधं वाटतं पण मन सीमेवरून घरात परत येतं. घरच्यांनी त्या वेळी मागून हात लावून उठवू नये, आधी नावानं हाक मारावी.

संध्याकाळची पिण्याची वेळ रिकामी ठेवू नका, चालायला जा, पलटनच्या मित्राला फोन करा.

रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र एकदम स्वतःहून बंद करू नये, फिट येऊ शकते, जीवावर बेतू शकतं, आधी डॉक्टर. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर तिथल्या दवाखान्यात दाखवा, नाहीतर १४४४६ ही सरकारी नशामुक्ती हेल्पलाईन आहे, मन फारच खचलं तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन, १४४१६.