जुन्या घडीचं डायल उघडताय? आधी या चुका टाळा

लग्नसराई लागली की माझ्या टेबलावर एक ठरलेला माल येतो. बापाच्या नाहीतर आजाच्या लग्नात सासऱ्यानं दिलेली घडी, बहुतेक वेळा एचएमटी, आणि डायलला आधीच कोणीतरी हात लावून ठेवलेला. मशीन बिघडलं असतं तर माझी तक्रार नव्हती. एचएमटी जनताचं ०२३१ मशीन इतकं सरळ आहे की भंगारातल्या दोन घड्यांतून एक चालू घडी उभी राहते. डायलचं तसं होत नाही. पितळेचा पातळ पत्रा, त्यावर चांदीचा किंवा रंगाचा थर, मऊ ठशानं उमटवलेली केसाएवढी बारीक अक्षरं आणि लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, हात, एवढंच सगळं. त्यातही काहींत अक्षरं लॅकरच्या खाली असतात, काहींत वर. नुसतं पाहून ते मलाही सांगता येत नाही, आणि या धंद्यात माझे केस पांढरे झाले.

पुसणं

सगळ्यात जास्त डायल यानंच मरतात, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

मागे नेरकडचा एक शेतकरी पोराला घेऊन दुकानात आला. घडी पुढं ठेवली आणि म्हणाला, "भाऊ, चालून तं राह्यली, पण नावच गेलं तिचं." पोट्टा खाली मान घालून उभा. त्यानं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला, बहिणीचं नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं आणि कान कोरायच्या काडीनं डायल पुसलं. पहिल्या फेरीत पिवळेपणा निघाला, म्हणून गडी खूश. तो पिवळेपणा म्हणजे वय झालेलं लॅकर होतं. ते विरघळलं म्हणून खालचं डायल उजळ दिसलं. दुसऱ्या फेरीत काडीवर काळं आलं. त्याला वाटलं मळ आहे, म्हणून त्यानं जोर लावला. तो मळ नव्हता, ती ‘जनता’ होती.

बाप पोराला रागावला नाही. "काटे तं दिसते न, राहू द्या," म्हणाला. मी फक्त काच बदलून दिली.

काचेवरून आठवलं. डायल मळकट दिसतं म्हणून जेवढे लोक येतात, त्यातल्या पुष्कळांचं डायल ठीक असतं, ओरखडलेली असते ती वरची प्लास्टिकची काच. आधी ती काढून डायलकडे नुसतं पाहा. टूथपेस्ट घासायचीच हौस असेल तर त्या काचेवर घासा, चांगली चमकते. डायलवर टूथपेस्ट म्हणजे पॉलिशपेपर. लिंबू, खायचा सोडा, चिंच यांचंही तेच. चिंच घरच्या पितळी गुंडाला, पाण्याच्या भांड्याला लावा.

माझी सवय अशी. आधी रबरी फुग्यानं हवा मारायची, तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. मग रोडिको नावाचा मऊ गोळा मिळतो, तो हलकेच टेकवायचा आणि उचलायचा. घासणं हा शब्द विसरायचा. तरी समाधान झालं नाही तर डायलच्या अगदी काठावर, जो भाग घडीच्या केसच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, कडेखाली झाकला जातो तिथं, किंचित ओली काडी टेकवायची. पाणी डिस्टिल्ड, म्हणजे गाडीच्या बॅटरीत भरायचं साधं पाणी. त्याच दुकानात ॲसिडही मिळतं, बाटली नीट वाचून घ्या. मिनिटभर थांबून काडी भिंगाखाली धरायची. रंगाचा ठिपका जरी दिसला तरी डायल डबीत जातं आणि तो विषय तिथंच संपतो. ठिपका नसला तरी मी बहुतेक वेळा थांबतोच.

जुन्या खिशातल्या घड्यांची इनॅमलची पांढरी डायलं तेवढी वेगळी. तांब्याच्या पत्र्यावर काचेची पूड साधारण ८०० अंशांवर भाजून ती बनतात, त्यामुळे साबणाचं पाणी त्यांना चालतं. पण अंगठ्यानं दाबलं की तडकतात. आणि आधी कोणी तडा रंगानं बुजवला असेल तर तो रंग पाण्यात निघून येतो.

बारीकसारीक

आपल्याकडे कापसाला तोटा नाही, म्हणून घरचा कापूस वापरू नका. त्याचे तंतू काट्याखाली अडकतात आणि घडी थांबली की लोक मशीनला दोष देतात.

डायल सुरीनं उचकटू नका. डायलला मागं दोन तांब्याचे पाय असतात आणि मशीनच्या बाजूला त्यांचे दोन बारीक स्क्रू. ते अर्धा फेरा सैल केले की डायल आपोआप हातात येतं. स्क्रू शोधायचा दहा मिनिटांचा कंटाळा केला की पाय मोडतो, मग सोल्डरिंग करायला जाता आणि उष्णतेनं पुढचा रंग भाजतो.

काटे काढण्याआधी डायलवर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवा. एवढंच.

काळे डाग दिसले तर ते घालवायच्या आधी पाणी कुठून शिरतं ते पाहा. शेतात घाम गाळणाऱ्या माणसाच्या घडीची चावी झिजलेली असते आणि ओल तिथूनच आत जाते. डागाखाली पितळ खाल्लं गेलं असेल तर तो डाग जात नाही, खड्डा मात्र मोठा होतो.

रेडियम

गावात रेडियम म्हणजे मोटारसायकलच्या नंबर प्लेटची चमकणारी पट्टी. स्टॅण्डवर ‘रेडियम आर्ट’ची दोन दुकानं आहेत. त्यामुळे जुन्या घडीच्या आकड्यांवरचा तपकिरी पडलेला मसाला खरवडताना कोणाला काही वाटत नाही. पण १९६० च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ विलायती घड्यांत खरंच रेडियम असायचं. अंधारात चमकणं बंद झालं म्हणजे ते संपलं, असं नसतं. चमकतं ते जस्ताचं सल्फाइड, ते थकतं. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं आहे, म्हणजे आजाच्या घडीत ते जवळजवळ जसंच्या तसं बसलेलं आहे. १९२० च्या आसपास अमेरिकेत न्यू जर्सीत डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठात धरायच्या. त्यांच्या जबड्याची हाडं सडली, कित्येक जणी मेल्या.

म्हणून खरवडायचं नाही, त्यावर फुगाही मारायचा नाही, भुकटी उडून नाकात जाते. आणि त्या टेबलावर चहा नको. नंतरच्या घड्यांत ट्रिटियम आलं. त्याचं अर्धायुष्य १२ वर्षांच्या जरा वर, आणि सहाच्या आकड्याखाली ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी छापलेला दिसतो. टी नसेल आणि घडी त्याहून जुनी असेल, तर रेडियमच आहे असं धरून मी काच परत बसवतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू द्या.

नवं डायल चढवणं

घड्याळाचा कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला आणि एचएमटीला एकदम शौकीन मिळाले. बाजारात लाल, जांभळी, मोरपंखी डायलं आली. जाणकार अशा घड्यांना ‘बॉम्बे स्पेशल’ म्हणतात: मशीन एकाचं, केस दुसऱ्याचं, डायल घासून नव्यानं छापलेलं. घ्यायचं असेल तर घ्या, पण जुनं म्हणून घेऊ नका. अक्षरांच्या कडा जाड आहेत का, मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या बरोबर येतात का, ते भिंगातून पाहा. डायलच्या काठावर कानशीनं मारलेली छोटी खाच दिसली तर ते बहुधा पुन्हा छापलेलं असतं. छापताना डायल सरळ बसावं म्हणून ती खूण करतात.

आणि घरचं डायल असं ‘नवं करून’ आणायला कोणी निघालं की मी विचारतो, काऊन? आजानं हे डायल पाहून वेळ सांगितली, ते काढून तुम्ही परक्याचं लावता. यावर माझं लोकांशी भांडण होतं आणि बरेचदा गिऱ्हाईक जातं.

कूलरपुढं लॅकर

ही चूक माझी स्वतःची, म्हणून शेवटी ठेवली.

मे महिना होता. आजा शकुंतला या आपल्याकडच्या छोट्या रेल्वेवर गार्ड होता असं सांगत एक जण वेस्ट एंडची घडी घेऊन आला. लॅकरचे पापुद्रे निघत होते, वरून नवा पातळ हात दिला तर अक्षरं वाचली असती. काम सोपं होतं. बाहेर पारा ४५ च्या वर, आत कूलर फुल, वाळ्याचा वास सुटलेला. गिऱ्हाईक समोर बसलं होतं आणि त्याला चारची बस धरायची होती. मीही घाई केली. लॅकर मारलं, आणि डोळ्यांदेखत डायलवर दुधासारखी साय धरली.

कारण नंतर कळलं, म्हणजे माहीत होतं पण लक्षात आलं नाही. थिनर झपाट्यानं उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करतो. हवेत ओल असली की ती त्या गार थरावर बसते आणि लॅकर पांढरं पडतं. बाहेरची हवा कोरडीठाक होती हो, पण मी तिला कूलरमधून भिजवूनच डायलवर सोडत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे कूलर बंद ठेवून हळू उडणाऱ्या थिनरचा नुसता धुरासारखा बारीक फवारा मारला. साय गेली, पण खालची बारीक ओळ किंचित पसरली. भिंगातून आजही मला ती दिसेल. मालकाला सांगितलं, पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून लॅकरचं काम सकाळी सातच्या आत. पंखासुद्धा बंद. दाट एक हात नाही, पातळ दोन, मध्ये एक दिवस. डायलवर काचेचा वाडगा उपडा, खाली काड्यापेटीच्या दोन काड्या, म्हणजे हवा लागते पण धूळ बसत नाही. पावसाळ्यात हे काम नाही. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या की रस्त्याकडच्या दुकानात तंतू उडतात, तेव्हाही नाही. उरतात पौष-माघ, फार तर फाल्गुन.

मेमध्ये कोणी लॅकरचं काम घेऊन आलं तर मी थंडीत या म्हणतो. तो दुसऱ्या दुकानात जातो. तिथं कूलर चालू असतो.