जोखमीचा तक्ता भरताना

कॉलेजच्या दिव्यांग विद्यार्थी कक्षात रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक कोरा तक्ता हातात पडला. धोका कोणता, तो घडण्याची शक्यता किती, घडला तर इजा किती. दोन आकड्यांचा गुणाकार करून खाली सही. एक अंध विद्यार्थिनी रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला येणार होती. धोक्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'विद्यार्थिनीला दिसत नाही.' गुणाकार अर्थातच मोठा आला. तिनं बाजूला बसून नुसतं ऐकावं, असा शेरा मारून मी मोकळी झाले.

स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, तिनं तो शेरा ऐकला आणि विचारलं, "ॲसिड सांडलं तर दिसणाऱ्यांना भाजत नाही का?"

धोका ॲसिडचा आणि उघड्या ज्योतीचा होता, आणि मी तो तिच्या नावावर मांडला होता. रकाना खोडला, तिला शेजारी बसवलं आणि पुन्हा भरला. तीव्र द्रावणाऐवजी सौम्य, बर्नरऐवजी हॉट प्लेट, बोलणारा वजनकाटा, मापाला खाचा पाडलेली सिरिंज, बाटल्यांच्या जागा ठरलेल्या. यातलं निम्मं तिनंच सुचवलं. धोका आधी काढून टाकायचा, जमत नसेल तर सौम्य पर्याय शोधायचा, मग उपकरणं, मग नियम, आणि हातमोजे-गॉगल सगळ्यात शेवटी, असा सुरक्षेचा क्रम असतो. विद्यार्थ्याला बाहेर बसवणं ही त्यातली पायरीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारानुसार तर वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच.

आग लागल्यावर बाहेर पडण्याचा आराखडा मात्र नीट वाचा. 'व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याला कोणीतरी उचलून आणेल' असं लिहिलेलं मी पाहिलंय. हा 'कोणीतरी' कोण? आगीत लिफ्ट वापरता येत नाही, आणि बॅटरीवरची व्हीलचेअर माणसासकट जिन्यावरून उतरवणं जवळजवळ अशक्य. जिन्यावरून उतरवायची खास खुर्ची हवी, ती चालवायला शिकलेली माणसं हवीत, त्यातलं एक रजेवर असेल तर दुसरं हवं. मॉक ड्रिलला त्याच विद्यार्थ्याला वर्गात बसवून ठेवतात, मग सराव कसला? कधी कधी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तो तास तळमजल्यावर घेणं. त्यासाठी वेळापत्रकवाल्यांशी भांडायची तयारी ठेवा. कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी लुकलुकणारा दिवा लावताना तिथे कुणाला प्रकाशानं फिट येते का, हेही विचारा.

आजाराचं नाव तक्त्यात लिहू नका, काय सोय हवी तेवढंच लिहा. तो कागद बऱ्याच हातांतून फिरतो. तक्ता पुन्हा कधी तपासायचा, ती तारीखही टाका. संधिवात असलेल्या मुलाची जूनमधली गरज आणि परीक्षेच्या आठवड्यातली गरज एकच असेल असं नाही.