जुना कॉम्प्युटर, नवं ऑफिस: या चुका टाळा

पतसंस्था असो की शाळेचं कार्यालय, दहा-बारा वर्षांच्या मशीनवर नवं मायक्रोसॉफ्ट ऑफिस (वर्ड, एक्सेल वगैरे) टाकताना पहिली चूक होते ती घाईची. आधी विंडोज आणि पॉज ही बटणं एकत्र दाबा. रॅम म्हणजे मेमरी किती, सिस्टीम ३२ बिट (जुना प्रकार) की ६४ बिट (नवा प्रकार), सगळं समोर येतं. ऑफिस २०१९ पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ वर बसतच नाहीत. तरीही बसवायचं म्हणून नेटवरून क्रॅक, म्हणजे फुकटातली बेकायदा प्रत, उतरवू नका. त्यातून रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर सभासदांची खातीच कुलूपबंद होतील.

६४ बिट म्हणजे चांगलंच, असं समजून डोळे झाकून पुढे जाऊ नका. जुने मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या आज्ञा) किंवा ३२ बिटचं जुनं ॲड-इन (ऑफिसला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) वापरात असेल, तर ते ६४ बिट ऑफिसमध्ये अडतं. अशा ठिकाणी ३२ बिट ऑफिसच घ्या. आधी ६४ बिट टाकलं असेल, तर ते पूर्ण काढूनच दुसरं टाकावं लागतं.

मराठी फाइलींचा घोळ मात्र सगळ्यात त्रासाचा. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फाँटांतलं पत्र उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि लोक घाबरून सगळं पुन्हा टाइप करायला बसतात. मजकूर शाबूत असतो, फक्त फाँट नसतो. जुन्या मशीनमधल्या विंडोज फोल्डरातून फाँट कॉपी करून टाका. मग ऑटोकरेक्टकडे, म्हणजे वर्डच्या आपोआप दुरुस्तीच्या सोयीकडे, वळा. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करायची खूण तिथे चालू असते. कृतिदेवमध्ये इंग्रजी लहान 'डी' म्हणजे 'क' आणि मोठा 'डी' म्हणजे अर्धा 'क्'. त्यामुळे 'कर्ज' शब्दाने वाक्य सुरू केलं की पहिलंच अक्षर मोडतं. ती खूण काढा. नवीन पत्रं तरी युनिकोडमध्येच (वेगळा फाँट न टाकता कुठेही वाचता येणाऱ्या पद्धतीत) करा, ही माझी कळकळीची विनंती.

एक्सेल फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारात सेव्ह करतानाही जपा. त्यात ६५,५३६ ओळींच्या पुढचं काही मावत नाही. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये याच मर्यादेमुळे कोविडच्या सुमारे १६ हजार रुग्णांची नोंद वेळेत पुढे गेली नव्हती.

मशीन रखडतंय म्हणून लगेच रॅम आणू नका. ३२ बिट विंडोजला चार जीबीच्या वर रॅमचा उपयोगच होत नाही. विंडोज १० वर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर आणि मेमरी मोकळी असेल, तर दोष बहुतेक वेळा जुन्या हार्ड डिस्कचा. तिथे एसएसडी (वेगवान डिस्क) बसवली की तेच मशीन धावू लागतं. वर्ड उघडताना स्क्रीन काळी पडत असेल, तर ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्डमध्ये हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून बघा.

ऑफिस २०१६, २०१९ आणि विंडोज १० यांचा नियमित सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा आता पैसे घालून २०१९ घेऊ नका. विंडोज ७ चं मशीन बदलणं जमत नसेल, तर त्याचं नेट काढा, डेटाचा बॅकअप घ्या आणि जुने हिशेब बघण्यापुरतंच ते ठेवा.