झुंबा शिकवायचाय? मग कोर्सचे पैसे भरायच्या आधी हे वाचा

क्लास सुटला की एखादी तरी मुलगी मागे रेंगाळते आणि विचारते, ताई मलाही शिकवायचंय, कोणता कोर्स करू? नाच अंगात आहे, फिटनेसचं थोडंफार कळतं, अशांसाठीच लिहितेय, त्यामुळे वॉर्मअप का करायचा वगैरे सांगत बसत नाही.

पहिली गोष्ट पैशाची. झुंबा हे एका कंपनीचं रजिस्टर केलेलं नाव आहे, योगा किंवा एरोबिक्स कसं कुणीही बोर्डावर लिहितं तसं हे लिहिता येत नाही. आपल्याकडे गाणी लावून तासभर घाम काढला की त्याला सर्रास झुंबा म्हणतात, गणपतीतल्या कार्यक्रमालाही म्हणतात, बोलण्यात ठीक आहे हो, पण त्या नावाने फी घ्यायची असेल तर लायसन्स लागतं. मी आमच्या भागातल्या एका अकॅडमीत 'झुंबा ट्रेनर सर्टिफिकेट' कोर्स केला होता. चांगली भरभक्कम फी, शेवटी फोटोसकट लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. ते घेऊन एका जिममध्ये गेले, तिथल्या मॅनेजर मॅडमनी दोन्ही बाजूंनी उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, हे अकॅडमीचं झालं, लायसन्स कुठेय? सर्टिफिकेटवर शिक्का, सही सगळं अकॅडमीचंच, मूळ कंपनीचा कुठे पत्ताच नाही. ते पैसे गेले ते गेलेच आणि खरं ट्रेनिंग परत पैसे भरून करावं लागलं. आजही राग येतो.

म्हणून हे दोनदा वाचा. ट्रेनिंग वेगळं, लायसन्स वेगळं आणि मेंबरशिप वेगळी. सुरुवातीचं ट्रेनिंग, बेसिक वन म्हणतात ते, साधारण एका दिवसाचं असतं आणि ते कंपनीने नेमलेले एज्युकेशन स्पेशालिस्ट घेतात, गल्लीतले सर नाही. ते केलं की शिकवायचं लायसन्स मिळतं, पण ते जन्मभराचं नसतं. ते चालू ठेवायला इन्स्ट्रक्टर नेटवर्कची मेंबरशिप असते, सगळे त्याला झिन म्हणतात, तिची फी दर महिन्याला जाते. त्यात नवीन गाणी आणि कोरिओग्राफी मिळत राहते. फी थांबली आणि लायसन्सची मुदत संपली की नाव वापरायचा हक्कही संपला. तुम्हाला कोर्स विकणाऱ्याला सरळ विचारा, ट्रेनिंग कंपनीच्या वेबसाइटवर लिस्टेड आहे का? 'आमचं पण सेमच असतं मॅडम' असं उत्तर आलं तर पर्स उघडू नका. आणि प्रोग्रॅमनुसार ट्रेनिंगही वेगळं असतं, म्हणजे ज्येष्ठांसाठी गोल्ड, पाण्यातलं ॲक्वा, लहान मुलांसाठी किड्स. बेसिकच्या जोरावर स्विमिंग पूलमधली बॅच लावू नका, पाण्यात शरीराचं गणितच बदलतं.

आता ज्यासाठी आलात ते. हा प्रकार निघाला कोलंबियातल्या काली शहरात, १९९०च्या दशकात. बेतो पेरेझ एरोबिक्स शिकवायचा, एकदा क्लासची कॅसेट घरी राहिली म्हणून जवळ होत्या त्या साल्सा-मेरेंगेच्या कॅसेट लावून त्याने क्लास निभावून नेला. पुढे तो मायामीला गेला आणि २००१ मध्ये अल्बर्टो पर्लमन आणि अल्बर्टो आगिओन यांच्याबरोबर कंपनी सुरू झाली. हे अशासाठी सांगतेय की पाया लॅटिन तालांचा आहे. मेरेंगे, साल्सा, कुंबिया आणि रेगेटॉन हे चार ताल आधी पायात बसायला हवेत. मेरेंगे म्हणजे जवळपास मार्चिंग, कुणालाही जमतं, पहिल्या दिवशीच्या बॅचला तेच द्या. साल्सात आठ मोजायचे पण पाय एक-दोन-तीन, पाच-सहा-सात असा पडतो, चारला आणि आठला थांबायचं, आणि नव्या मुली नेमक्या तिथेच थांबत नाहीत, गडबडीत पुढे पळतात. यूट्यूबवरून तीस गाणी पाठ करून येणाऱ्यांचं इथेच पितळ उघडं पडतं. गाणं पाठ असतं, ताल कळलेला नसतो, मग दुसरं गाणं लागलं की संपलं.

क्यूइंग, म्हणजे पुढची स्टेप आधीच खुणेने सांगणं, ते तर आरशासमोर रोज करा. झुंबात बडबड कमी, हातानेच सांगायचं. स्टेप बदलायच्या चार बीट आधी हात वर गेला पाहिजे, बोटांनी चार, तीन, दोन, मग दिशा. स्टेप बदलताना हात वर केला तर मागच्या रांगेतल्या काकूंना कळेपर्यंत ती स्टेप होऊन गेलेली असते. आणि बॅचकडे तोंड करून उभ्या असाल तर त्यांच्या उजवीकडे जाताना तुम्हाला डावीकडे जायचंय, हे अंगात मुरायला वेळ लागतो, घाबरू नका, सगळ्यांना लागतो.

बूट मात्र रनिंगचे नकोत! त्यांची ग्रिप जमिनीला धरून ठेवते, वळताना पाय तिथेच आणि गुडघा भलतीकडे. कमी ग्रिपचे घ्या. गच्चीवरच्या किंवा क्लबहाउसच्या टाइल्सवर उड्याही कमी ठेवा.

गुरूबद्दल माझं मत ठाम आहे. 'आधी असिस्ट कर' म्हणत महिनोन्महिने फुकटात बॅच सांभाळायला लावणाऱ्या मॅडमकडून फार काही मिळत नाही. जी तुम्हाला एक अख्खं गाणं एकटीने घेऊ देते आणि नंतर बाजूला घेऊन कुठे चुकलं ते सांगते, तिला सोडू नका. वजन जास्त आहे, वय पस्तिशीच्या पुढे गेलंय म्हणून मागे हटू नका, सोसायटीच्या बॅचला येणाऱ्या बायकांना स्वतःसारखी दिसणारी टीचर बघून उलट धीर येतो.

लायसन्सचे पैसे जमेपर्यंत फ्लेक्सवर 'डान्स फिटनेस' लिहा आणि बिनधास्त शिकवा, बायका सोयीची वेळ आणि टीचर बघून येतात. मोठा इव्हेंट घेणार असाल तर गाण्यांच्या हक्कांचं, म्हणजे गाणी जाहीर वाजवायची परवानगी देणाऱ्या आयपीआरएस, पीपीएल या संस्थांचं, आयोजक बघणार की तुम्ही, हे आधीच ठरवून व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. आणि बॅचची फी महिन्याच्या सुरुवातीलाच घ्या, 'पुढच्या आठवड्यात देते' वर एकदा सवय लागली की ती मोडत नाही.