अस्थिस्नायू स्वतःच्या हाताने कसे ओळखावेत

नागपुरात जीवशास्त्र, परिचर्या किंवा शारीरिक शिक्षण शिकणारे विद्यार्थी स्नायूंची नावे आकृतीवरून पाठ करतात. परंतु स्नायू काम कसे करतो, हे आकृतीपेक्षा बोटांना लवकर समजते, असे माझे ठाम मत आहे. मानवी शरीरात 600हून अधिक अस्थिस्नायू, म्हणजे हाडांना हलवणारे स्नायू, आहेत आणि प्रौढ माणसाच्या वजनाचा साधारण 40 टक्के भाग त्यांचाच असतो. त्यांपैकी चार-पाच जरी नीट चाचपून पाहिले, तरी बाकीच्यांचे वागणे उलगडत जाते. त्यासाठी एक खुर्ची, एक जड टेबल आणि थोडा उताराचा रस्ता पुरेसा आहे.

सुरुवात दंडापासून करावी. खुर्चीत बसून उजवा तळहात टेबलाच्या कडेखाली टेकवावा आणि टेबल वर उचलायचा प्रयत्न करावा. डाव्या हाताने दंड चाचपल्यास पुढची बेटकुळी, म्हणजे बायसेप्स, टणक लागते आणि मागचा ट्रायसेप्स बराचसा सैल राहतो. आता तोच तळहात टेबलावर ठेवून खाली दाबावा. लगेच मागची बाजू घट्ट होते व पुढची सैलावते. स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही, हा सगळ्या विषयाचा पाया इथे हाताला लागतो. आपण दार ढकलतो तेव्हासुद्धा ट्रायसेप्स कोपरामागच्या हाडाला ओढतच असतो. म्हणूनच बहुतेक सांध्यांवर परस्परविरोधी काम करणारे स्नायू असतात. या प्रयोगात हात जागचा हलला नाही, तरीही स्नायूने ताण निर्माण केला, हेही ध्यानात ठेवावे.

आता कोपर काटकोनात वाकवून हात मांडीवर सैल ठेवावा आणि तळहात जोर लावून वरच्या दिशेला फिरवावा. कोपर हलत नाही, पण बेटकुळी फुगते. बायसेप्सचा स्नायुरज्जू, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला जोडलेली असल्यामुळे बायसेप्स हाताला वळवतोही. स्क्रू आवळताना उजव्या हाताला जोर मिळतो तो बराचसा यामुळेच. कोपर वाकवण्याचे मोठे काम मात्र त्याच्या खाली दडलेला ब्रॅकिअलिस हा स्नायू करतो. कोपराच्या घडीत बोट घातले, की ताणलेल्या दोरीसारखा लागतो तो बायसेप्सचा स्नायुरज्जू. तो मुख्यतः कोलॅजन या चिवट प्रथिनाचा बनलेला असतो आणि स्वतः आकुंचन पावत नाही. स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवतो.

आतली रचना मात्र बोटांना कळत नाही. संयोजी ऊतीच्या आवरणात तंतूंचे जुडगे, प्रत्येक जुडग्यात अनेक केंद्रके असलेले लांब तंतू, तंतूत तंतुके आणि तंतुकांत एकापुढे एक लागलेले सार्कोमिअर, म्हणजे आकुंचन पावणारे सर्वांत छोटे घटक, असा तो क्रम आहे. एक सार्कोमिअर विश्रांतीत साधारण 2 ते 2.5 मायक्रोमीटर लांब असतो. चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे संदेश देणारे रसायन सुटते, तंतूच्या आत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते, ॲक्टिन या प्रथिनाच्या बारीक धाग्यावरची जागा उघडी पडते आणि मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाच्या जाड धाग्याची डोकी एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूच्या ऊर्जेवर ॲक्टिनला आत ओढतात. मायोसिन किंवा ॲक्टिन स्वतः आखूड होत नाही; ते एकमेकांवरून सरकतात. दोन संशोधक गटांनी 1954 साली ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली.

पोटरीसाठी भिंतीला हात टेकून, गुडघे सरळ ठेवून, टाचा उचलाव्यात. वरचा दुहेरी फुगवटा म्हणजे गॅस्ट्रोक्नेमिअस. मग खुर्चीत बसून, गुडघ्यांवर हातांनी भार देऊन टाचा उचलाव्यात. हा स्नायू गुडघ्याच्या वरून निघत असल्याने गुडघा वाकला की तो ढिला पडतो आणि काम खालच्या सोलिअसकडे जाते. सोलिअस पोटरीच्या खालच्या भागात दोन्ही कडांना कडक लागतो. सोलिअसमध्ये सावकाश थकणारे तंतू बहुसंख्य असतात, म्हणून माणूस बराच वेळ उभा राहू शकतो.

शेवटचा प्रयोग नागपुरातल्या सेमिनरी हिल्स टेकडीच्या उतारावर करावा. उतरताना मांडीच्या पुढच्या बाजूवर हात ठेवावा: गुडघा वाकत असतो, म्हणजे तिथला स्नायू लांबत असतो, तरीही तो घट्ट असतो, कारण शरीराचा भार तो आवरून धरत असतो. अशा लांबत्या आकुंचनात तंतूंवर सर्वाधिक ताण येतो. त्यामुळेच सवय नसलेल्या माणसाच्या मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात. हा दोष लॅक्टिक आम्लाला देण्याची पद्धत चुकीची आहे, कारण ते आम्ल श्रम थांबल्यावर तासाभरातच बरेचसे ओसरते. काही दिवसांनी तोच उतार पुन्हा उतरल्यास दुखणे कमी होते.

स्नायू वापरतो त्या ऊर्जेपैकी साधारण तीन चतुर्थांश उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे पारा 45 अंशांच्या आसपास असतो त्या नवतप्याच्या दिवसांत उताराचा प्रयोग सकाळी लवकर करावा आणि सोबत पाणी ठेवावे. सांध्याला नुकती दुखापत किंवा शस्त्रक्रिया झाली असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. श्रमानंतर स्नायू अतोनात दुखत असतील आणि लघवीचा रंग गडद तपकिरी दिसला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.